एका लॅपटॉपवर तीन खाती: किल्ली कुणाची, नाव कुणाचं

इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या ऑफिसचा लॅपटॉप बदलला, तेव्हा जुन्या मशीनवरचं काहीही उचलून न आणता सगळं पहिल्यापासून लावलं. मशीन एक, खाती तीन: स्वतःचं गिटहब, ऑफिसचं गिटहब आणि पुण्याच्या ग्राहकाचं गिटलॅब (दोन्ही गिटने जपलेला कोड ठेवायच्या वेबसाइटी). ज्या क्रमाने केलं त्याच क्रमाने लिहितो आहे. जिथे हमखास अडकायला होतं तिथे जास्त थांबेन. आज्ञा आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत, टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमनमध्ये टाकायची. आणि एसएसएच की, म्हणजे पासवर्डऐवजी सर्व्हरला ओळख पटवणारी फाइल, हिला मी सरळ किल्ली म्हणणार आहे, नाहीतर ‘की चालली की कोणती की चालली’ असा घोळ व्हायचा.

आधी एक गोष्ट तपासून घ्या: दुसरं खातं खरंच लागणार आहे का? गिटहबच्या अटींनुसार एका माणसाला मोफत खातं एकच ठेवता येतं. त्याच खात्यातून हव्या तितक्या ऑर्गनायझेशनमध्ये (कंपनीच्या किंवा गटाच्या सामायिक जागेत) सामील होता येतं, खात्याला अनेक ईमेल जोडता येतात, आणि कुठल्या ऑर्गनायझेशनच्या सूचना कुठल्या ईमेलवर याव्यात हेसुद्धा ठरवता येतं. पुष्कळ जणांचं काम इथेच भागतं. माझं भागलं नाही, कारण ऑफिसचं खातं एंटरप्राइझकडून व्यवस्थापित केलेलं आहे. अशा खात्यातून कंपनीबाहेरच्या रेपोत (प्रकल्पाच्या कोडच्या साठ्यात) काही भर घालता येत नाही, म्हणजे स्वतःचं खातं वेगळं ठेवावंच लागतं.

आता मूळ मुद्दा. गिटला, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅमला, खातं ही भानगडच माहीत नाही. कमिटवर, म्हणजे बदलांच्या प्रत्येक नोंदीवर, जे नाव आणि ईमेल उमटतं ते कॉन्फिगमधून (सेटिंगच्या फाइलीतून) जसंच्या तसं उचललेलं असतं. तिथे तुम्ही शेजाऱ्याचं नाव लिहिलंत तरी गिट हूं की चूं करत नाही. गिटहब नंतर तो ईमेल कुठल्या खात्याशी जुळतो हे पाहून फोटो चिकटवतं. पुश करताना, म्हणजे नोंदी सर्व्हरवर चढवताना, आत कुणाला घ्यायचं हे मात्र सर्व्हर ईमेलवरून ठरवत नाही, तो बघतो किल्ली किंवा टोकन. म्हणजे प्रश्न दोन आहेत आणि ते एकमेकांपासून पूर्ण सुटे आहेत: दार कुणाच्या किल्लीने उघडलं, आणि वहीत नाव कुणाचं लिहिलं. किल्ली चुकली तर लगेच कळतं, कारण दार उघडत नाही. नाव चुकलं तर बहुधा काहीच अडत नाही, आणि चार महिन्यांनी कुणीतरी विचारतं, ‘दादा, ऑफिसच्या कमिटवर तुमचा घरचा जीमेल कसा?’

म्हणून सगळ्यात आधी फोल्डर पाडले. होम फोल्डरमध्ये ‘कोड’ आणि त्याच्या पोटात तीन: ‘घर’, ‘ऑफिस’, ‘ग्राहक’. पुढचं सगळं या वाटणीवर उभं आहे. इंदुरात कचरागाडी दारात आल्यावर ओला-सुका वेगळा करत बसलं तर गाडीवाला थांबत नाही. वर्गवारी घरातच झालेली असावी लागते. इथेही तसंच. क्लोन करतानाच, म्हणजे रेपो पहिल्यांदा मशीनवर उतरवतानाच, तो योग्य फोल्डरात गेला पाहिजे.

मग किल्ल्या. प्रत्येक किल्ली दोन फाइलींची: सार्वजनिक सर्व्हरला द्यायची, खासगी स्वतःकडे ठेवायची. एक सार्वजनिक किल्ली गिटहबच्या एकाच खात्याला लावता येते; दुसऱ्या खात्यात तीच टाकायला गेलात तर ‘की इज ऑलरेडी इन यूज’ म्हणून परत पाठवतं. कारण साधं आहे. गिटहबवर एसएसएचने येणारा प्रत्येक जण ‘गिट’ याच युजरनावाने येतो, तेव्हा माणूस ओळखायला सर्व्हरकडे किल्लीशिवाय दुसरी खूणच नसते. तीन खाती, तीन किल्ल्या. आज्ञा अशी:

एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९ -सी "ऑफिस-लॅपटॉप" -एफ ~/.एसएसएच/ऑफिस

-सी कॅपिटल, -टी आणि -एफ लहान. शेवटचा -एफ विसरायचा नाही. तो नसला तर किल्ली ठरलेल्या नावानेच बनते, आणि दुसऱ्यांदा आज्ञा दिली की ‘ओव्हरराइट?’ असं विचारलं जातं. घाईत वाय दाबला की पहिली किल्ली गेली, आणि ती परत मिळवायचा मार्ग नाही. पासफ्रेज (किल्लीचा स्वतःचा पासवर्ड) रिकामा ठेवू नका; लॅपटॉप चोरीला गेला तर चोर आणि रेपो यांच्यामध्ये तेवढीच एक भिंत उरते. ईडी२५५१९ हा किल्लीचा प्रकार ओपनएसएसएच (एसएसएचचा नेहमीचा प्रोग्रॅम) ६.५ पासून, म्हणजे २०१४ पासून आहे, आणि ९.५ पासून न सांगताही तोच प्रकार बनतो. आरएसए हा जुना प्रकार अजून चालतो, पण नव्याने बनवायचं कारण नाही.

.पब शेपटीची फाइल (सार्वजनिक) वेबवर चिकटवायची, बिनशेपटीची (खासगी) कुठेच नाही. चिकटवताना मजकूर एकाच ओळीत राहिला पाहिजे; मेल किंवा चॅटमधून कॉपी केला तर मध्येच ओळ तुटते आणि गिटहब किल्ली अवैध म्हणतं. ऑफिसच्या ऑर्गनायझेशनमध्ये सिंगल साइन-ऑन (एसएसओ, कंपनीच्या एकाच लॉगिनने सगळीकडे शिरायची सोय) असेल तर किल्ली टाकून भागत नाही, तिच्या शेजारच्या ‘कॉन्फिगर एसएसओ’ बटणातून ती मंजूर करून घ्यावी लागते. गिटलॅबच्या फॉर्ममध्ये मुदतीची तारीख आधीच भरलेली असते. ती पाहून कॅलेंडरात टाकून ठेवा, नाहीतर एके दिवशी काहीही न बदलता सगळं बंद पडेल.

आता .एसएसएच फोल्डरातली ‘कॉन्फिग’ फाइल. गिटहबच्या दोन खात्यांचा पत्ता एकच असल्यामुळे एसएसएचला फरक कळावा म्हणून टोपणनाव द्यावं लागतं:

होस्ट छप्पन
    होस्टनेम गिटहब.कॉम
    युजर गिट
    आयडेंटिटीफाइल ~/.एसएसएच/ऑफिस
    आयडेंटिटीजओन्ली येस

‘छप्पन’ हे नाव मी मनानेच ठेवलं आहे. इंदुरातल्या ‘छप्पन दुकान’ या खाऊच्या ठिकाणी जायचं तर रिक्षावाल्याला ‘छप्पन’ म्हटलं की पुरतं, न्यू पलासिया वगैरे पोस्टमनसाठी. तसंच इथे होस्टपुढे बोलीतलं नाव, होस्टनेमपुढे खरा पत्ता. हे नाव इंटरनेटवर कुठेही नोंदलेलं नसतं, ते फक्त या फाइलीपुरतं जिवंत असतं. म्हणून ते ब्राउझरमध्ये टाकून बघू नका, आणि सहकाऱ्याला ते वापरून क्लोनची आज्ञा पाठवू नका; त्याच्या मशीनवर ‘होस्ट सापडला नाही’ एवढंच येईल. घरच्या खात्यासाठी असाच दुसरा गठ्ठा, पण होस्टपुढे सरळ गिटहब.कॉम. गिटलॅबचा पत्ताच वेगळा असल्यामुळे त्याला टोपणनावाची गरज नाही.

आयडेंटिटीजओन्ली ही ओळ लोक गाळतात. आणि मग जो त्रास होतो तो असा विचित्र, की माणूस नेटवर्कपासून गिटहबपर्यंत सगळ्यांवर संशय घेतो. एसएसएच एजंटमध्ये (उघडलेल्या किल्ल्या मेमरीत धरून ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) काही किल्ल्या चढवलेल्या असतात. ही ओळ नसली तर क्रम असा लागतो: आधी कॉन्फिगमध्ये सांगितलेल्या आणि एजंटमध्येही असलेल्या किल्ल्या, मग एजंटमधल्या बाकी सगळ्या, आणि सर्वांत शेवटी कॉन्फिगमध्ये सांगितलेल्या पण एजंटमध्ये नसलेल्या. समजा सकाळी लॅपटॉप सुरू करून आधी घरचा रेपो पुल केला, म्हणजे सर्व्हरवरचे नवे बदल उतरवले. ‘ॲडकीजटूएजंट येस’ असेल तर घरची किल्ली एजंटमध्ये चढली. मग ऑफिसचा रेपो. ऑफिसची किल्ली अजून एजंटमध्ये नाही, म्हणून रांगेत पुढे घरचीच. गिटहब ती किल्ली ओळखतं, ‘या, बसा’ म्हणतं, आणि पुढच्या किल्लीपर्यंत गाडी जातच नाही. आता तुम्ही घरच्या खात्याने आत आला आहात आणि ऑफिसचा खासगी रेपो मागता आहात. गिटहब ‘परवानगी नाही’ म्हणत नाही, कारण तसं म्हणणं म्हणजे असा रेपो आहे हे कबूल करणं. ते म्हणतं, ‘रिपॉझिटरी नॉट फाउंड.’ माणूस रेपोच्या नावाचं स्पेलिंग तपासत बसतो. दुसऱ्या दिवशी नेमका ऑफिसचा रेपो आधी पुल केला, तर दिवसभर ऑफिसचं सगळं सुरळीत आणि घरच्या रेपोत पुश अडकलेलं. ‘काल तर चालत होतं’ ही तक्रार ऐकली की मी आधी ही ओळ शोधतो.

तपासणी अशी: एसएसएच -व्हीटी छप्पन (व्ही लहान, टी कॅपिटल). भरपूर ओळी येतात, त्यातल्या दोनच वाचायच्या: ‘ऑफरिंग पब्लिक की’पुढे कुठली फाइल आहे आणि ‘सर्व्हर ॲक्सेप्ट्स की’पुढे कुठली. फाइलीत काय लिहिलं आहे यापेक्षा एसएसएचने काय समजून घेतलं ते पाहायचं असेल तर एसएसएच -जी (कॅपिटल) छप्पन. जोडणी न करता अंतिम सेटिंग छापतं. एजंटमध्ये काय चढलं आहे ते एसएसएच-ॲड -एल सांगतं, आणि -डी (कॅपिटल) एजंट रिकामा करतं.

याच फाइलीत आणखी दोन खड्डे आहेत. पहिला: एसएसएच वरून खाली वाचतं आणि बहुतेक सेटिंगसाठी जी किंमत आधी मिळाली ती धरतं, म्हणून ‘होस्ट *’ हा गठ्ठा सगळ्यात खाली हवा. पण आयडेंटिटीफाइल याला अपवाद आहे. ती साचत जाते. ‘होस्ट *’मध्ये एखादी किल्ली लिहून ठेवली असेल तर ती प्रत्येक टोपणनावाला शेपटासारखी जोडली जाते. म्हणून तिथे किल्ली लिहायचीच नाही.

दुसरा खड्डा जुन्या सर्व्हरवाल्यांचा. जोडणी चटकन व्हावी म्हणून ज्यांनी कंट्रोलमास्टर (आधीच उघडी असलेली जोडणी पुन्हा वापरायची सोय) चालू ठेवलेलं असतं, त्यांच्या कंट्रोलपाथमध्ये, म्हणजे त्या जोडणीच्या सॉकेट फाइलीच्या नावात, बहुधा युजर, होस्ट आणि पोर्ट असतात. पण तिथला %एच म्हणजे खरा पत्ता, टोपणनाव नव्हे. दोन्ही गिटहब खात्यांना युजर ‘गिट’, पत्ता गिटहब.कॉम, पोर्ट २२. सॉकेट एकच. पहिली जोडणी घरच्या खात्याने उघडी असली तर ऑफिसचं काम तिच्यातूनच जातं, किल्ली विचारलीच जात नाही. कॉन्फिग शंभर टक्के बरोबर आणि खातं शंभर टक्के चूक. कंट्रोलपाथमध्ये %एन घाला, ते टोपणनाव धरतं. किंवा गिटच्या होस्टसाठी कंट्रोलमास्टर बंदच ठेवा. मी बंद ठेवलं.

सगळं लागल्यावर एसएसएच -टी (कॅपिटल) छप्पन. ‘हाय’पुढे ऑफिसचं युजरनाव आलं की किल्लीचं काम झालं. पुढचं ‘शेल ॲक्सेस देत नाही’ वाचून घाबरायचं कारण नाही, तेच यशाचं चिन्ह आहे. फक्त ही आज्ञा यशस्वी होऊनही एक्झिट कोड १ देते, स्क्रिप्टमध्ये वापरणार असाल तर लक्षात असू द्या. ‘अनप्रोटेक्टेड प्रायव्हेट की फाइल’ असं ठळक आलं तर परवानग्या सैल आहेत: किल्लीला ६००, फोल्डरला ७००.

क्लोन करताना दर वेळी ‘छप्पन’ टाइप करायला कुणाला आठवणार? शिवाय सबमॉड्यूलच्या (रेपोच्या आत जोडलेल्या दुसऱ्या रेपोच्या) फाइलीत सगळ्यांसाठी गिटहब.कॉमच लिहिलेलं असतं. त्यावर गिटचं इन्स्टेडऑफ आहे, एका पत्त्याऐवजी दुसरा वापरायची सोय. मुख्य .गिटकॉन्फिगमध्ये:

[यूआरएल "छप्पन:कंपनी/"]
    इन्स्टेडऑफ = गिट@गिटहब.कॉम:कंपनी/
    इन्स्टेडऑफ = एचटीटीपीएस://गिटहब.कॉम/कंपनी/

‘कंपनी’च्या जागी ऑर्गनायझेशनचं नाव. आता वेबवरून कुठलाही पत्ता उचलून क्लोन केला तरी त्या ऑर्गनायझेशनचा असेल तर ऑफिसच्या किल्लीने जातो, आणि रेपोच्या आतला पत्ता मूळचाच राहतो. शेवटची तिरपी रेघ दोन्ही बाजूंना हवी. ती सुटली तर ‘कंपनी’ने सुरू होणारी दुसऱ्याच कुणाची नावंही पकडली जातात.

किल्ली झाली, आता नाव. मुख्य .गिटकॉन्फिगमध्ये मी ईमेल ठेवलाच नाही. तिथे यूजर विभागात फक्त नाव आणि ‘यूजकॉन्फिगओन्ली = ट्रू’. त्यामुळे तीन फोल्डरांच्या बाहेर कुठे कमिट केलं तर गिट मशीनच्या नावावरून अंदाजाने ईमेल बनवत नाही, सरळ नकार देतं. तो नकार मला हवाच आहे. मग खाली:

[इन्क्लूडइफ "गिटडिर:~/कोड/ऑफिस/"]
    पाथ = ~/.गिटकॉन्फिग-ऑफिस

असे तीन, आणि प्रत्येक फाइलीत त्या-त्या खात्याचा ईमेल. ही सोय गिट २.१३ पासून, म्हणजे २०१७ पासून आहे. इथेही सगळी मदार शेवटच्या तिरप्या रेघेवर. ती असली तर आतले सगळे रेपो पकडले जातात. नसली तर काहीच जुळत नाही आणि चूक झाल्याचं कुणी सांगतही नाही. हे विभाग यूजर विभागाच्या खाली असावेत, कारण गिटमध्ये नंतर आलेलं जिंकतं. एसएसएचच्या बरोबर उलट! दोन फाइलींच्या या उलट चालीने भल्याभल्यांना फिरवलं आहे. विंडोजवर आणि मॅकवर फोल्डरच्या नावात लहान-मोठ्या अक्षरांचा फरक असेल तर ‘गिटडिर/आय’ वापरा. फोल्डरऐवजी रिमोटच्या पत्त्यावरून ठरवायचं असेल तर गिट २.३६ पासून ‘हॅजकॉन्फिग’ची अट मिळते, पण मला फोल्डर बरे वाटतात, डोळ्यांना दिसतात.

तपासताना रेपोच्या आत जायचं. नुसत्या ‘कोड/ऑफिस’ या फोल्डरात उभं राहून विचारलंत तर उत्तर येणार नाही, कारण तिथे .गिट नाही. आत जाऊन: गिट कॉन्फिग --शो-ओरिजिन --गेट यूजर.ईमेल. ईमेलसोबत तो कुठल्या फाइलीतून आला तेही दिसतं. तिथे .गिट/कॉन्फिग दिसलं, तर त्या रेपोत कुणीतरी कधीतरी स्थानिक ईमेल टाकून ठेवला आहे आणि तो सगळ्यांवर मात करतो. --अनसेट करून टाका. घरच्या खात्यासाठी मी खरा जीमेल देत नाही, गिटहबचा नोरिप्लाय पत्ता (खरा ईमेल झाकणारा) देतो. सेटिंगमधल्या ईमेलच्या पानावर तो मिळतो, आधी आकडा आणि मग युजरनाव. आकड्यासकट घ्यायचा.

एसएसएचऐवजी एचटीटीपीएसने जाणाऱ्यांसाठी थोडक्यात. १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटहब तिथे पासवर्ड घेत नाही, खात्यातून बनवून घेतलेलं टोकन लागतं. आणि मशीनवरचा क्रेडेन्शियल हेल्पर टोकन होस्टच्या नावाने जपतो, म्हणजे गिटहब.कॉमला एकच. दुसऱ्या खात्याला ४०३ (परवानगी नाही) येतो तो त्यामुळे. उपाय म्हणजे पत्त्यातच युजरनाव घालणं, एचटीटीपीएस://युजरनाव@गिटहब.कॉम असं, किंवा ‘क्रेडेन्शियल.यूजएचटीटीपीपाथ’ चालू करणं. दुसऱ्या उपायात प्रत्येक रेपोसाठी टोकन पुन्हा द्यावं लागतं, त्यामुळे पहिला सोयीचा. गिटहबची जीएच ही आज्ञा २.४० पासून दोन खाती सांभाळते आणि ‘जीएच ऑथ स्विच’ने बदलते; पण त्या बदलाचा एसएसएचच्या किल्लीशी काही संबंध नाही, आणि कमिटवरच्या ईमेलशी तर नाहीच.

विजय नगरातल्या एका भाड्याच्या जागेत बसून काम करताना एसएसएचचं नेहमीचं पोर्ट २२ बंद निघालं. क्लोन नुसतं लटकून राहायचं. तिथे छप्पनच्या गठ्ठ्यात होस्टनेम ‘एसएसएच.गिटहब.कॉम’ आणि पोर्ट ४४३ केलं की काम चालतं. गिटलॅबसाठी ‘ऑल्टएसएसएच.गिटलॅब.कॉम’, पोर्ट तेच. पहिल्या जोडणीला होस्टची ओळख पुन्हा विचारली जाते; तेव्हा ठसा गिटहबच्या पानावरच्या ठशाशी ताडून मगच येस म्हणायचं.

विंडोजवाल्यांसाठी तीन गोष्टी. नोटपॅड कॉन्फिग फाइलीला गुपचूप .टीएक्सटी जोडतो. एजंटची सेवा मुळात बंद असते, ती सर्व्हिसेसमधून चालू करावी लागते. आणि गिटसोबत येणारं एसएसएच वेगळं, विंडोजचं स्वतःचं वेगळं. एकाच्या एजंटमध्ये चढवलेली किल्ली दुसऱ्याला दिसत नाही. कोअर.एसएसएचकमांडमध्ये विंडोजच्या एसएसएचचा पूर्ण पत्ता द्या, तिरप्या रेघा पुढच्या बाजूला झुकलेल्या.

चुकीच्या ईमेलने कमिट होऊन गेलं असेल तर: शेवटचंच असल्यास गिट कमिट --अमेंड --रीसेट-ऑथर --नो-एडिट. पाच-सात असतील तर रिबेसला (कमिट पुन्हा रचणाऱ्या आज्ञेला) --एक्झेक देऊन हीच आज्ञा प्रत्येकावर चालवा. पुश झालेलं नसेल तोवर हे बिनधास्त करा. पुश झालं असेल पण ब्रँच फक्त तुमची असेल, तर --फोर्स-विथ-लीज. दुसऱ्यांनी ती ब्रँच घेतली असेल तर हात लावू नका, प्रत्येक कमिटचा हॅश (ओळखक्रमांक) बदलतो आणि त्यांची उरलेली दुपार तुमच्या नावाने जाते. तिथे रेपोत .मेलमॅप ठेवून भागवा. लॉग आणि ब्लेममध्ये नाव नीट दिसतं.

किल्ल्या टाकताना वेबवर प्रत्येकीला मशीनचं नाव आणि महिना असं शीर्षक दिलं होतं. जुना लॅपटॉप परत करायच्या दिवशी तिन्ही खात्यांत जाऊन त्या मशीनच्या किल्ल्या शोधून काढून टाकायला त्यामुळे पाच मिनिटंही लागली नाहीत.